मागच्या ओळीत गेल्यापासून स्वतःची किंमतच वाटेनाशी झाली आहे

पायरव:
वय 20, अकरा वर्षं नाचतेय. पुढच्या महिन्यात ग्रुपचा कार्यक्रम आहे. गेल्या आठवड्यात ताईंनी मला पहिल्या ओळीतून तिसऱ्या ओळीत नेलं, कारण सांगितलं नाही. तेव्हापासून आरशात नाच दिसतच नाही, दंड आणि पोट दिसतं. तालमीचा व्हिडिओ आला की स्वतःच्या चुका शोधत बसते. काल एकच गिरकी सतरा वेळा पाहिली. तालीम चांगली झाली तर दिवस चांगला, नाहीतर जेवणही जात नाही. सारखं वाटतं, दोन किलो कमी केले तर परत पुढे घेतील. नाच सोडायचा नाहीये. पण हे रोजचं वरखाली होणं थांबतं का?

तिसरीघंटा:
मी चौदा वर्षं शिकवते. आधी ताईंना जाऊन विचार. ‘मी कमी पडले का?’ असं नको, ‘या जागेवर माझ्याकडून काय हवंय?’ असं विचार. ओळी बसवताना आम्ही उंची बघतो, कोण कुठून आत येणार ते बघतो, मागे लय धरून ठेवणारं पक्कं माणूसही लागतं. तुझ्या नाचातलं काही असेलही, मग ते तुला कळायला हवं. (कारण न सांगणं ही आम्हा शिकवणाऱ्यांची चूक. मी ती केली आहे. त्या मुलीचं अख्खं वर्ष कुढण्यात गेलं, मला ते अजून सलतं.)

आठवड्यातून दोनदा आरशाकडे पाठ करून सराव कर. सुरुवातीला हरवल्यासारखं होईल. मग वजन कुठल्या तळव्यावर आहे, टाच कधी टेकते, हे आतून कळायला लागतं. सांधे आणि स्नायू ही खबर सतत देत असतात, डोळे आरशात अडकले की ती ऐकू येत नाही.

व्हिडिओ एकदाच, न थांबवता बघ आणि वहीत एक वाक्य लिही. ‘माझी गिरकी भिकार आहे’ हे लिहून काय करणार? ‘गिरकी संपायच्या आत नजर खाली जाते, म्हणून उजवा खांदा पडतो’ असं लिहिलंस तर सकाळी त्यावर काम करता येतं.

अनवाणी:
मला ते दोन किलो खटकले. मीही असंच जेवण तोडत गेले आणि 22व्या वर्षी पावलाच्या हाडाला तडा गेला. श्रमाच्या मानाने खाणं कमी पडलं की हाडं, हार्मोन्स, मन सगळ्यालाच झळ बसते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं. पाळी चुकणं ही त्याची ठळक खूण. तुझी नियमित आहे ना? नसेल तर डॉक्टरांकडे जाच.

पाय प्लास्टरमध्ये असताना लक्षात आलं, माझ्या फोनमध्ये नाचाबाहेरचं कुणी उरलंच नव्हतं. शाळेतल्या एका मैत्रिणीला फोन लावला. तिला नाचातलं काही कळत नाही. दोन तास बोललो, नाचाचा विषय निघाला नाही. त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली. अजून दर रविवारी बोलतो.

लयवेडा:
तिसरीघंटाताईंचं आरशाबद्दलचं मला पूर्ण लागू पडलं नाही. हाताची रेषा तपासायला मला आरसा लागतोच. मी आधी ठरवून उभा राहतो, आज फक्त कोपर. कोपर पाहून झालं की वळतो.

पायरव:
ताईंशी बोलले. डावीकडून आत येणाऱ्या चौघींची सुरुवात माझ्यापासून आहे, म्हणून ती जागा. आणि उडीनंतरची मात्रा मी घाईने पकडते, हेही सांगितलं. रडू आलं, पण खरं आहे. सतरा वेळा व्हिडिओ पाहूनही ते दिसलं नव्हतं, मी दंडच बघत होते. वजनाचं अजून डोक्यातून गेलेलं नाही. अनवाणीताई, पाळीचं विचारलंत ते बरं केलंत. दोन महिने आलेली नाही. गुरुवारी डॉक्टरांकडे जातेय, आईला सांगितलंय.