२०१६ चा वापरलेला छोटा पिकअप घ्यायचाय, दुरुस्तीला किती पैसे बाजूला ठेवू?

पुरंदरचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. सासवडजवळ आमची अंजीर आणि सीताफळाची बाग आहे, माल गुलटेकडीला मार्केटयार्डात जातो. आत्तापर्यंत गावातल्या एकाच्या गाडीत माल टाकायचो पण त्याची वेळ आणि आपली वेळ जमत नाही आणि अंजीर काय थांबत नाही, पहाटे उशीर झाला की भाव गेलाच. म्हणून स्वतःचा जुना पिकअप घ्यायचं ठरवलंय. हडपसरला एक बघितलाय, २०१६ चा, दोन सिलेंडर डिझेल, पाऊण टन पासिंग (तेवढंच वजन भरायची परवानगी), एमएच १२, मीटरवर १ लाख १० हजार. मालक १ लाख ९० म्हणतोय. केबिन एकदम चकाचक, नवीन सीट कव्हर, अर्ध्या सेल्फला चालू झाली. टोकन द्यायच्या आधी विचारतो, या गाड्यांना काय काय निघतं आणि किती खर्च धरू? चालवणार मीच, लायसन साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाड्यांचं आहे, ते चालतं का?

भोसरी_गॅरेज

दादा, टोकन देऊ नका अजून. मी वीस वर्षं याच गाड्यांचं काम करतोय, केबिन बघून गाडी घेतलेली माणसं महिन्याभरात माझ्याकडेच येतात आणि मला त्यांना आकडा सांगताना खरंच वाईट वाटतं.

अर्ध्या सेल्फला लागली म्हणता पण इंजिन थंड होतं का? मालकाने तुम्ही यायच्या आधी गरम करून ठेवली असेल तर काहीच कळत नाही. न सांगता सकाळी लवकर जा, सीट उचलून इंजिनला हात लावा, गार असलं पाहिजे, मग चालू करायला सांगा. पांढरा धूर थोडा वेळ येऊन गेला तर ठीक, निळा येतच राहिला तर ऑइल खाते. मग दहा-पंधरा मिनिटं फिरवून आणा आणि चालू इंजिनवर ऑइल भरायचं झाकण काढून नुसतं जागेवर ठेवा. झाकण थडथड उडायला लागलं, खालून फकफक धूर आला म्हणजे इंजिनच्या आतल्या रिंगा आणि लायनर झिजून गेलेत. ते काम माझ्याकडे मटेरियल धरून ३५ ते ४५ हजारात जातं, म्हणजे तुमची गाडी सव्वादोन लाखाच्या पुढे गेली. रेडिएटरचं झाकण मात्र गाडी गार असतानाच उघडा, पाण्यावर तेलाचा तवंग दिसला किंवा डिपस्टिकला ऑइल दुधाळ चहासारखं लागलं तर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग गेलंय. हेड घासून सपाट करून, गॅसकेट टाकून ७-८ हजार, हेडला क्रॅक निघाला तर दुप्पट धरा.

क्लच प्लेट प्रेशर बेअरिंग मजुरीसकट ५-६ हजार, हा खर्च धरूनच चाला. क्रॉस (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा) गेला असेल तर गिअर टाकून क्लच सोडताना खालून टक्क असा आवाज येतो, तो हजार-बाराशेचा विषय आहे. सामान नाना पेठेतून स्वतः आणलं तर थोडं स्वस्त पडतं पण ओरिजनलच घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडीखाली झोपा. पाऊण टनाच्या गाडीत दीड टन भरणारे कमी नाहीत. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) रिकाम्या गाडीलासुद्धा सपाट दिसले, कमान राहिली नसेल, तर ती गाडी ओव्हरलोडची. पाटे बदलता येतात, चेसिस म्हणजे गाडीचा सांगाडा नाही. मागचा पाटा जिथे चेसिसला अडकवलेला असतो त्या हँगरपाशी नाण्याने घासून बघा, खाली वेल्डिंग किंवा चीर निघते का. नवीन काळा रंग मारलेला असेल तर हमखास घासा.

कात्रज_ट्रान्सपोर्ट

गॅरेजवाल्या दादांनी इंजिनचं सगळं सांगितलंय, मी घाटाचं सांगते कारण आमच्या दोन गाड्या आहेत आणि हा धडा आम्ही घेतलाय. भाऊ, तुमचा माल सासवडहून पुण्याला येतो, म्हणजे दिवे घाट तुम्ही भरल्या गाडीने उतरणार आणि चढताना बहुतेक रिकामे. सगळे विचारतात गाडी घाट चढते का, तुम्ही विचारायचं उतरते का. आमचे मिस्टर एकदा कांदा घेऊन उतरत होते, खाली मस्तानी तलाव दिसायला लागतो तिथे ब्रेक पेडल एकदम मऊ झालं, दोनदा पंप केल्यावर कसाबसा लागला. ब्रेक ऑइल चार वर्षं बदललेलं नव्हतं, त्यात ओल धरते आणि तापलं की वाफ होते, मग पाय नुसता खाली जातो. गाडी घेतल्यावर पहिलं काम, चारही चाकं उघडा, शू, व्हील सिलेंडर, नवीन ब्रेक ऑइल. आम्हाला मागच्या वर्षी ४,२०० लागले. आणि घाट दुसऱ्या गिअरात उतरायचा, डिझेल वाचवायला न्यूट्रल अजिबात करायची नाही.

लायसनचं टेन्शन नको, साडेसात हजार किलोच्या आतल्या मालगाडीला एलएमव्ही चालतं, सुप्रीम कोर्टाने २०१७ ला सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ ला परत तेच कायम केलं. ३,००० किलोच्या आतलं एकूण वजन असेल तर परमिटही लागत नाही. पण आठ वर्षं झालेल्या गाडीचं पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, दर वर्षी करावं लागतं आणि ग्रीन टॅक्सही बसतो, त्यामुळे फिटनेस कधीपर्यंत आहे ते बघा. ई-चलन किती पेंडिंग आहेत आणि आरसीवर बँकेचा बोजा आहे का तेही बघा, बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा फॉर्म) हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुरंदरचा_बागायतदार

दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी सातलाच न सांगता गेलो, सोबत गावातला मिस्त्री होता. इंजिन गार होतं, चांगली लागली, झाकणही उडालं नाही, मी खूश झालो होतो. मग खाली वाकलो. डाव्या बाजूला हँगरपाशी काळा रंग कडेपेक्षा जास्त चमकत होता, रुपयाच्या नाण्याने घासला तर खाली वेल्डिंगची जाड रेघ, बोटभर लांब, आणि तिच्या टोकाला परत बारीक चीर गेलेली. मालक म्हणाला मला माहीतच नाही. सोडून आलो.

मांजरीला अजून एक आहे, २०१८ ची, २ लाख ३५ म्हणतोय, केबिन जरा मळकीच आहे. रविवारी बघायला जाणार. दादा, तुम्हाला जमत असेल तर सोबत याल का, जायचा-यायचा खर्च आणि तुमची जी फी असेल ती देतो.

भोसरी_गॅरेज

फी राहू द्या. रविवारी गॅरेज दुपारपर्यंत बंदच असतं, साडेसहाला मांजरीत पोचतो. मालकाला फोन करू नका आधी.