मदत हवी आहे : बी.एस्सी.चे चौथे वर्ष करावे की थेट एम.एस्सी.?

नमस्कार. माझी पुतणी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. करते आणि सध्या पाचव्या सत्रात आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे तीन वर्षांची, 120 श्रेयांकांची (क्रेडिटची) पदवी घेऊन दोन वर्षांची एम.एस्सी. करावी, की चौथे वर्ष करून 160 श्रेयांकांची संशोधनासह ऑनर्स पदवी घ्यावी, हे तिला लवकरच ठरवायचे आहे. संशोधनाच्या वाटेसाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के गुण लागतात. चौथ्या वर्षानंतर थेट पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीतही 75 टक्क्यांचीच अट आहे. तिचे गुण आतापर्यंत 76 टक्के आहेत, म्हणजे एखादा प्रॅक्टिकलचा पेपर बिघडला तरी गणित चुकायचे.

माझी खरी शंका वेगळी आहे. तिच्या महाविद्यालयात एकच लॅमिनार फ्लो (जंतुविरहित हवेत काम करण्याचे कपाट) असून त्यासाठी वहीत नाव लिहून पाळी लावावी लागते. अशा ठिकाणी वर्षभराचे संशोधन कितपत होईल? प्रयोगशाळांतील मार्गदर्शक चार वर्षांच्या पदवीवर विद्यार्थी प्रत्यक्षात घेतात का, की एम.एस्सी.च पाहतात? जॅम (एम.एस्सी. प्रवेशाची देशपातळीवरील परीक्षा) देऊन एकात्मिक पीएच.डी.ला (एम.एस्सी. व पीएच.डी. एकत्र) गेलेल्यांचा अनुभवही कृपया कळवावा.