जठराचा कॅन्सर: ऑपरेशनआधी केमोसोबत इम्युनोथेरपी द्यावी का?

महालकर: मोठ्या काकांच्या जठरात कॅन्सर निघाला आहे. पसरलेला नाही, ऑपरेशन होऊ शकतं. आधी ४ वेळा फ्लॉट (चार औषधं एकत्र दिलेलं) केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा ४ वेळा केमो असं ठरलं. सोबत डुरव्हॅलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध द्या, असं डॉक्टर म्हणतात. घरात दोन तट पडलेत. मी म्हणतो, द्याच. मॅटरहॉर्न चाचणीत ९४८ रुग्ण होते. दोन वर्षांनंतर आजार न वाढता, न उलटता जगणारे नुसत्या केमोवर ५८.५ टक्के होते, डुरव्हॅलुमॅब जोडल्यावर ६७.४ टक्के. गाठ शरीरात असताना प्रतिकारशक्तीला तिची ओळख जास्त चांगली पटते असं मानतात, म्हणून सुरुवात ऑपरेशनआधीच व्हावी.

सदरवाला: दादा, घाई नका करू. किनोट-५८५ या दुसऱ्या चाचणीत केमोला पेम्ब्रोलिझुमॅब हे तशाच प्रकारचं औषध जोडलं, तर गाठ पूर्ण नाहीशी झालेले रुग्ण २ टक्क्यांवरून १२.९ टक्क्यांवर गेले. तरी आजार उलटण्यातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. आणि डुरव्हॅलुमॅबचे डोस किती? ऑपरेशनआधी २, नंतर केमोसोबत २, मग नुसते १०. विदर्भात लोकं वावर विकून इलाज करून राहिले. पैसा मधेच संपला तर?

महालकर: किनोटमध्ये बहुतेकांना फ्लॉट नव्हतं, सिस्प्लॅटिनवालं जुनं केमो होतं. मॅटरहॉर्नमध्ये तीन वर्षांनी जिवंत असलेलेही जास्त निघाले: ६८.६ टक्के विरुद्ध ६१.९.

वॉर्डातली ताई: मी केमो वॉर्डात काम करते. माझा विरोध औषधाला नाही, गडचिरोलीच्या पेशंटला हातात फाईल देऊन घरी पाठवण्याला आहे. फ्लॉटच्या मूळ चाचणीतही आठही सायकल पूर्ण करणारे निम्म्याहून कमी होते. त्यात इम्युनोथेरपीचे जुलाब वेगळे. आतड्याला सूज आली असेल तर स्टेरॉइड लागतं. गावात पेशंट मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी घेतो नि चार दिवस घरीच काढतो. काका नागपुरातच राहणार असतील, रात्री फोन उचलणारं कोणी असेल, तर मी हो म्हणीन. खाणं किती जातं, वजन किती उतरलं, हेही बघा. ऑपरेशन पेलवेल का, हे त्यावरही ठरतं.

सदरवाला: ताईंचं पटलं, पण पैशाचा प्रश्न तसाच आहे. बायोप्सीवर एमएमआर तपासणी (पेशीची डीएनएतल्या चुका दुरुस्त करायची यंत्रणा शाबूत आहे का ते बघणारी) झाली का? त्यात दोष निघाला तर इम्युनोथेरपीचा फायदा फार मोठा असतो, तिथे मीही अडवणार नाही. रिपोर्ट नॉर्मल असेल तर एवढ्याशा फायद्यासाठी घर गहाण टाकायला माझा नकारच.

महालकर: तपासणी सांगितली आहे, रिपोर्ट यायचा आहे. नॉर्मल आला तरी मी द्याच म्हणीन. काका आमच्याकडेच राहतील.