सुरतच्या डीलरची गाडी, शहाद्याचं कर्ज. पासिंग एमएच-39 (नंदुरबार) कसं करायचं?

शहादेकर
राम राम मंडळी. सुरतच्या डीलरकडे 2019 ची पेट्रोल गाडी पसंत केली आहे, नंबर जीजे-05. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) मूळ मालकाच्या बँकेचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, अजून दिसतो. माझं कर्ज इथल्या पतसंस्थेचं. डीलर म्हणतो, पूर्ण पैसे टाका, एनओसी (आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र) कुरिअरने पाठवतो, तोवर वर्षभर जीजे नंबरवर बिनधास्त फिरवा. कागद कोणत्या क्रमाने करायचे?

तापीकाठ
भाऊ, आधी पैसे थांबवा. फॉर्म 28 ची एनओसी हातात येईपर्यंत संस्थेला धनादेश सोडू देऊ नका.

पहिलं काम जुना बोजा उतरवणं. बँकेचं कर्जफेडीचं पत्र आणि बँकेच्या सही-शिक्क्याचे फॉर्म 35 सुरतेच्या आरटीओत जातात. पत्रावर मुदत छापलेली असते, ती बघा. संपली की बँकेकडून नवीन पत्र आणा, आणि मूळ मालक सापडेना झाला तर गाडी तिथेच अडकते. बोजा उतरल्यावरच एनओसी. तिच्यावर ‘नंदुरबार’ हेच कार्यालय हवं. डीलर सवयीने धुळे टाकून देतात, मग दुरुस्तीसाठी कागद परत सुरतेला. दंडाचं थकीत चलन असेल तरी एनओसी निघत नाही, ते चलन मालकाकडूनच भरून घ्या.

मग नंदुरबारला फॉर्म 29 आणि 30 मालकी बदलाचे, 27 नवीन नंबरचा, 34 तुमच्या पतसंस्थेच्या बोजाचा. हे एकत्रच द्या. 34 वर संस्थेचं नाव कर्जाच्या करारात आहे तसंच, अक्षरन् अक्षर. पुढे बोजा उतरवताना नावातला फरकच नडतो.

बारा महिन्यांचं म्हणाल तर ती सवलत फक्त नंबरापुरती, मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 ची. मालकी बदल कळवायला घेणाऱ्याला 30 दिवसच असतात. डीलर या दोन गोष्टी मुद्दाम एकत्र करून सांगतात.

नवापूर नाका
कराचा हिशोब आधीच धरा. पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के हा नवीन गाडीचा दर. जुनीला वयानुसार कमी बसतो. पण तो मूळ किमतीवर काढतात, तुमच्या सौद्यावर नाही. म्हणून पहिल्या खरेदीच्या बिलाची प्रत मागाच. गुजरातेत भरलेल्या कराचा परतावा तिकडच्या आरटीओकडे, नवीन आरसी आणि इकडच्या कराची पावती जोडून मागायचा. परतावा कोणाचा, हे सौदापावतीत आत्ताच लिहून घ्या, नाहीतर मूळ मालक ऐनवेळी हक्क सांगतो.

आणि डीलरचा परवाना बघा. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला फॉर्म 29बी चं अधिकारपत्र लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची 29सी ची नोंद असते. ती असेल तर एनओसीचा अर्ज डीलर स्वतः करू शकतो. नसेल तर तो नुसता दलाल, प्रत्येक सही मूळ मालकाची.

शहादेकर
29सी केलेली नाही म्हणतो. ओटीपी मालकाच्या मोबाईलवर जातो, तोही लवकर फोन उचलत नाही.

तापीकाठ
मग मालकाला समोर बसवल्याशिवाय बयाणाही देऊ नका. बोजा उतरवणं आणि एनओसी, दोन्ही वेळी त्याचा ओटीपी लागणार.

नवापूर नाका
गाडी बघायला जाल तेव्हा चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा काढा आणि आरसीशी ताडा. गंज असेल तर रॉकेलच्या फडक्याने पुसा, पॉलिश पेपर अजिबात लावू नका. घासलेला नंबर दिसला की नंदुरबारचा निरीक्षक गाडी बाजूला लावतो. विमा 14 दिवसांत नावावर करा आणि त्यावर पतसंस्थेचा बोजा चढवा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सूट) तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागेल.