मदत हवी आहे : ४९ सेटीभोवतीचा वायू मूळचा की नंतर सुटलेला?

नमस्कार,

ताऱ्यांभोवतीच्या डेब्रिस तबकड्यांमध्ये, म्हणजे लघुग्रह व धूमकेतूंसारख्या पिंडांच्या टकरींतून निघालेल्या धुळीच्या तबकड्यांमध्ये, वायू कोठून येतो याचा अभ्यास करताना माझा तर्क एका ठिकाणी अडला आहे. जाणकारांनी तो तपासावा, ही विनंती.

बीटा पिक्टोरिसबाबत शंका नाही. हा तारा साधारण २ कोटी वर्षांचा आहे, आणि ग्रहनिर्मितीच्या तबकडीतील मूळ वायू बहुधा १ कोटी वर्षांच्या आतच नाहीसा होतो. आल्मा या चिलीतील रेडिओ दुर्बिणींच्या समूहाला तेथे कार्बन मोनॉक्साइड आढळला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. अतिनील प्रकाशात उघडा पडलेला हा रेणू जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षे टिकतो. तरीही तो दिसतो, त्याअर्थी बर्फाळ पिंड फुटून त्याचा पुरवठा सतत होत असला पाहिजे. शिवाय त्याच्या दोन वर्णपटरेषांच्या गुणोत्तरावरून, त्याच्यावर आदळण्यास मूळ वायूत असेल तेवढा हायड्रोजन तेथे नाही, हेही कळले आहे.

४९ सेटीचे तसे नाही. तिमिंगल तारकासमूहातील हा तारा सुमारे ४ कोटी वर्षांचा, म्हणजे वयाने मोठा असूनही त्याच्याभोवती कार्बन मोनॉक्साइड कितीतरी अधिक आहे. पूर्वी एवढा साठा म्हणजे मूळ वायूच उरला असावा, असे मानणे सोपे होते. परंतु रेणू फुटून सुटलेले कार्बनचे अणूच अतिनील प्रकाश शोषून उरलेल्या रेणूंना आडोसा देतात, हे लक्षात घेतले की नंतर सुटलेला वायूही लाखो वर्षे साचत राहू शकतो, आणि मग नुसत्या साठ्यावरून काहीच ठरत नाही. वायूने समृद्ध अशा बहुतेक तबकड्या ए वर्गाच्या, म्हणजे सूर्याहून तप्त अशा पांढऱ्या ताऱ्यांभोवती सापडतात, हा मुद्दा तर दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने वापरतात, त्यामुळे त्याला मी फारसे वजन देत नाही.

वायू दाट झाला की रेषांच्या गुणोत्तराची कसोटीही बोथट होते, म्हणून मला तबकडीची जाडी हाच उपाय दिसतो; रेणू जितके जड, तितकी तबकडी पातळ. हायड्रोजनप्रधान वायूचे सरासरी रेणुवस्तुमान २.३ च्या आसपास असते, तर कार्बन मोनॉक्साइड, कार्बन आणि ऑक्सिजन यांच्या मिश्रणाचे १४ ते २८ च्या दरम्यान. म्हणजे तापमान तेच धरल्यास दुसऱ्या प्रकारची तबकडी पहिलीच्या तीन ते चार दशांश जाडीची असावी. ४९ सेटीची तबकडी आपल्याला बरीचशी कडेने दिसत असल्यामुळे हे मोजणे शक्य वाटते.

माझा नेमका प्रश्न तापमानाचा आहे. थंड वायूची तबकडीही पातळच असणार. रेषेच्या तेजस्वितेवरून काढलेले तापमान हे रेणूंच्या उद्दीपनाचे, म्हणजे ते कोणत्या ऊर्जापातळ्यांवर आहेत याचे, असते. टकरी पुरेशा नसतील तर वायूचे खरे तापमान त्याहून जास्त निघू शकते. मग जाडीवरून रेणुवस्तुमान काढण्यासाठी खरे तापमान स्वतंत्रपणे कसे ठरवतात? कार्बनच्या रेषांची रुंदी त्यासाठी वापरता येते का, की तबकडीच्या फिरण्यामुळे ती निरुपयोगी ठरते?