उपकरप्राप्त इमारतीला ७९-अ ची नोटीस: मंडळाचे अधिकार किती आणि त्यांवर अंकुश कोणाचा?

प्रश्न (गिरगावातील भाडेकरू):
आमच्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणाऱ्या जुन्या) चाळीच्या मालकांना म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडून कलम ७९-अ खाली नोटीस आली आहे. मालकांनी पुनर्विकासाचा प्रस्ताव दिलाच नाही, तर मंडळ थेट जागा ताब्यात घेऊ शकते का, आणि भाडेकरूंनी दाद कोणाकडे मागायची?

उत्तर (जुना परळकर):
आधी एक खुलासा. ७९-अ या क्रमांकाचे कलम दोन वेगळ्या कायद्यांत आहे. सोसायट्यांच्या पुनर्विकासासंबंधीचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय ज्या ७९-अ खाली निघाला, ते सहकारी संस्था अधिनियमातील कलम होय; तुमचे कलम १९७६ च्या म्हाडा अधिनियमातील आहे आणि ते कितीतरी कडक आहे. धोकादायक ठरलेल्या इमारतीच्या मालकाला ५१ टक्के भाडेकरूंच्या संमतीसह प्रस्ताव देण्यासाठी सहा महिने मिळतात. त्याने काही केले नाही, तर तेवढीच मुदत भाडेकरूंच्या नियोजित सहकारी संस्थेला मिळते. आणि तीही संपली, तर मंडळ जागा संपादित करून पुनर्विकास स्वतः हाती घेऊ शकते. म्हणजे दुसरी संधी तुमची आहे. सहा महिन्यांत संस्था, वास्तुविशारद आणि विकासक यांची जुळवाजुळव करणे, तेही चाळीतील सर्वांचे एकमत सांभाळून, सोपे नाही. म्हणून मालकांची मुदत संपण्याची वाट पाहत बसू नका.

उत्तर (दादरचा वकील):
त्याआधी इमारत धोकादायक आहे हे कोणी ठरवले, ते तपासा. महापालिकेची, मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ खालील नोटीस किंवा सक्षम प्राधिकाऱ्याची तशी घोषणा आधी झालेली असावी लागते. नोटिसा काढण्याच्या अधिकाराचाच प्रश्न उपस्थित झाल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये अशा ९३५ नोटिसांना स्थगिती देऊन चौकशीसाठी समिती नेमली. मंडळाचे सदस्य लोकांनी निवडून दिलेले नसतात, शासन नेमते. त्यामुळे नगरसेवकाकडे खेटे घालून फारसे हाती लागत नाही आणि खरा अंकुश राहतो तो उच्च न्यायालयातील रिट याचिकेचा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. परंतु मालक आम्हाला नोटिशीची प्रतही दाखवत नाहीत.

उत्तर (दादरचा वकील):
मंडळाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून नोटीस, धोकादायक ठरवणारा आदेश आणि स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल यांच्या प्रती मागा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर प्रथम अपील करा. नोटिशीवरील तारीख मात्र आधी पाहा, कारण मालकांचे सहा महिने त्यावरूनच मोजले जातील.