मदत हवी आहे: केळी निर्यातीत पाच जणांच्या पाच वह्या, ब्लॉकचेनने एक होतील का?

तापीकाठ:
नमस्कार मंडळी,
रावेर तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सभासद बहुतेक केळीवाले. बराचसा माल इथल्याच व्यापाऱ्यांना जातो. काही हंगामांपासून एका निर्यातदारामार्फत आखाती देशांतही पेट्या पाठवतोय. सध्या एक सॉफ्टवेअर कंपनी मागे लागली आहे. तुमची सगळी साखळी ब्लॉकचेनवर (सगळ्यांकडे एकच प्रत असलेली, मागून गुपचूप बदलता न येणारी डिजिटल वही) आणू म्हणतात, दुबईच्या गिऱ्हाईकाने क्यूआर स्कॅन केला की त्याला थेट बाग दिसेल. बाग दिसल्याने आम्हाला काय मिळणार, ते मात्र सांगत नाहीत. आमचं दुखणं वेगळंच आहे.

घड कापला की फण्या वेगळ्या करून, धुऊन, तुरटीच्या पाण्यातून काढून साधारण १३ किलोच्या पेटीत भरतो. मग प्रीकूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं), नंतर रीफर म्हणजे थंड कंटेनरमध्ये १३-१४ अंशांवर न्हावाशेवा, तिथून जहाज. आम्ही, भाड्याचं पॅकहाऊस, निर्यातदार, कंटेनरवाला आणि तिकडचा आयातदार, असे पाच जण. पॅकहाऊसचा मुलगा जाडी-लांबी मोजून वहीत लिहितो, निर्यातदाराचा माणूस एक्सेलमध्ये भरतो, ड्रायव्हरकडे बिल्टी. वाटेतलं तापमान नोंदवणारा लॉगर तर आयातदाराच्याच हातात उघडतो.

मागच्या उन्हाळ्यात एका कंटेनरमधल्या बऱ्याच पेट्या पिवळ्या पडून पोचल्या. आयातदाराने फोटो धाडले, निर्यातदाराने आमच्या बिलात कटती लावली. आम्ही म्हणतो माल हिरवा, कडक गेला. पॅकहाऊस म्हणतं प्रीकूलिंग पुरं केलं. कंटेनरवाला म्हणतो सेटिंग बरोबर होतं. लॉगरचा आलेख मागितला तर व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट आला, त्यात कंटेनरचा नंबरच नाही. सभासदांसमोर मान खाली घालायची वेळ आमच्यावर.

तर असलं भांडण ब्लॉकचेनने मिटतं का? निर्यातदार म्हणतो, माझा दर बाकीच्यांना दिसणार असेल तर मी नाही येणार. आणि खर्च कोणी उचलायचा? अनुभवींनी सांगावं, जाहिरात नको.

सर्किट_बंद:
तुमच्यासारख्या ठिकाणी बिटकॉइनसारखं खुलं जाळं नाही वापरत, परवानगीचं वापरतात. उदाहरणार्थ हायपरलेजर फॅब्रिक हे सॉफ्टवेअर. ओळखीचेच लोक आत, कॉइन-बिइन काही नाही. तुमच्या कामाची गोष्ट त्यात एकच आहे: माल हातातून हातात जाताना दोन्ही पक्षांची डिजिटल सही असल्याशिवाय नोंद पक्की होणार नाही, असा नियम घालता येतो. 'दार बंद अमुक वाजता, गराचं तापमान अमुक' असं पॅकहाऊसने लिहिलं आणि कंटेनरवाल्याने मान्य केलं, की नंतर गुपचूप खाडाखोड करता येत नाही.

दराची काळजी नको. फॅब्रिकमध्ये प्रायव्हेट डेटाची सोय आहे. दर तुम्ही आणि निर्यातदार दोघेच बघणार, इतरांकडे फक्त त्याचा हॅश, म्हणजे त्या मजकुरावरून निघालेला ठसा. फोटो आणि पीडीएफ बाहेर ठेवा, आत हॅश तेवढा. सभासदांचे सातबारा, आधार चुकूनही टाकू नका, साखळीवरचं पुसणं महाकठीण.

त्या कंपनीला एवढंच विचारा की नोड, म्हणजे वहीची प्रत ठेवणारे संगणक, कुणाकुणाकडे चालणार. सगळे तिच्याच क्लाउडवर असतील, तर साध्या डेटाबेसचे दुप्पट पैसे मोजताय.

पांझराकाठ:
भाऊ, हाऊ कंपनीवाला तुम्हले टोपी घाली राहिना!
गंमत सोडा. नाशिकच्या द्राक्षवाल्यांकडे बघा. युरोपला जाणाऱ्या द्राक्षासाठी अपेडाचं (केंद्र सरकारची शेतमाल निर्यात संस्था) ग्रेपनेट आहे. प्लॉटची नोंदणी, रेसिड्यूची (फळात उरलेल्या औषधांच्या अंशाची) तपासणी, पॅकहाऊस, सगळं त्यात. उभं राहिलं ते साध्या मध्यवर्ती डेटाबेसवरच. चाललं, कारण नोंद नाही तर माल नाही.

मालवाहू:
पांझराकाठ यांच्याशी सहमत, आणि मोठ्यांचंही तेच झालंय. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ट्रेडलेन्स आणलं, कंटेनरची कागदपत्रं ब्लॉकचेनवर. स्पर्धक जहाज कंपन्यांना शंका, की मर्स्कच्या घरच्या वहीत आपण का लिहायचं? पुढे एमएससी, सीएमए सीजीएम आले तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये गाशा गुंडाळायची घोषणा झाली. उद्योगभरातलं सहकार्य जमलं नाही, असं त्यांनीच सांगितलं.

उलट वॉलमार्ट या अमेरिकन दुकानसाखळीने आंब्याच्या फोडींचं पाकीट मागे शेतापर्यंत शोधून पाहिलं. आधी जवळजवळ सात दिवस लागले, ब्लॉकचेनच्या चाचणीत २.२ सेकंद. मग २०१८ मध्ये पालेभाजीच्या पुरवठादारांना सरळ पत्र धाडलं की नोंदी द्या. तिथे गिऱ्हाईकच अडून बसलं. तुमच्याकडे अडून बसणारा कोण आहे? आयातदाराला तर आत्ताचा गोंधळ सोयीचाच आहे, कटती लावून मोकळा.

नवती_पिलबाग:
मी फैजपूरकडचा, केळीचंच काम. काय भो, सगळे सॉफ्टवेअरवरच बोलताय!
माल वाटेत पिकतो तो बाग जास्त भरल्यावर कापली म्हणून, प्रीकूलिंग अर्धवट राहिलं म्हणून, नाहीतर वाटेत मशीन बंद पडलं म्हणून. लॉगर फार तर तिसरं सांगेल, आणि तेही हवेचं तापमान. गर आतून किती गरम होता ते त्याला काय ठाऊक? भरतानाच सुईचा थर्मामीटर चार-सहा फळांत खुपसा, आकडा लिहा, ड्रायव्हरसमोर. लॉगर दोन टाका, एक दाराशी, एक आत, सिमवाले. म्हणजे आलेख तुमच्याही मोबाईलवर येईल, तिकडे कोणी उघडायची वाट बघायला नको.

हिवाळ्यात याच्या उलट. कंटेनर १३ च्या खाली गेला की साल काळवंडते, आणि तिकडचा माणूस म्हणतो हा बागेतलाच चरका, म्हणजे झाडावरच लागलेली थंडी. भरतानाचे फोटो नसतील तर भांडणार कशावर?

अजून एक. आपल्याकडे एका कंटेनरला चार-पाच बागांचा माल लागतो आणि पॅकहाऊसात सगळा मिसळतो. कुठल्या पेटीत कोणाचा घड हेच माहीत नाही, तर साखळीवर लिहिणार काय? आधी पेटीवर बागेचा नंबर आणि कापणीची तारीख येऊ द्या.

तारीख_पे_तारीख:
कायद्याचं थोडं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्याच्या नमुन्यातच हॅशचा रकाना आहे. त्यासाठी ब्लॉकचेन असायलाच हवं असं नाही. पण निर्यातदाराशी करार लेखी आहे ना? कटती कोणत्या पुराव्यावर, किती दिवसांत, हे कलम नसेल तर कोणताही तंत्रज्ञ कामाचा नाही.

तापीकाठ:
सगळ्यांचे आभार. करारात कटतीचं कलम नाही, 'गुणवत्तेनुसार' एवढंच लिहिलंय. पुढचा माल भरण्याआधी ते बदलून घेतो. बागेचा नंबर पेटीवर टाकायचं टोळीच्या मुकादमाशी बोललो. तो म्हणाला, पेटीमागे काहीतरी वाढवा, करतो. सॉफ्टवेअर कंपनीला नोडचं विचारलं, उत्तर आलं की 'सर, मॅनेज्ड सर्व्हिस आहे'. म्हणजे सगळं त्यांच्याच हातात, कळलं.
शेवटचं विचारतो: ब्लॉकचेन नको, पण दोन्हीकडची सही हवी. स्वस्तात काही?

सर्किट_बंद:
आहे. एक साधा ऑनलाइन फॉर्म करा. भरणारा एक, मान्य करणारा दुसरा, दोघांच्या मोबाईलवर ओटीपी. रोज रात्री त्या दिवसाच्या सगळ्या नोंदींची एक फाईल, आदल्या दिवसाचा हॅश तिच्यातच लिहून, आणि त्या फाईलचा हॅश पाचही जणांना ईमेलने आपोआप. नंतर कोणी मागची ओळ बदलली तर हॅश जुळणार नाही. इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं प्रोजेक्ट म्हणून करून देतील. पाचही जण महिनोन् महिने इमानाने भरायला लागले, तर फॅब्रिकचं तेव्हा बघू. मुकादमाचे पैसे मात्र आधी ठरवा.